राणीचा टाक

सारसोळ्याची मंडळी, आमच्या सोसायटीतले शेजारी, आणि समोर बसलेल्या मधूभाऊंच्या आई. बोलायचं म्हणून एक कागद आणला आहे. पण चष्मा लावूनही आत्ता तो वाचता येत नाही. आठवेल तसं बोलते.

आपले मधूभाऊ देवांचे टाक घडवायचे. तुमच्या कितीतरी देव्हाऱ्यांतले चांदीचे देव त्यांच्या हातचे. जुन्या नाण्यांचा नाद त्यांना कधी लागला, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. मोडीत आलेल्या चांदीत एखादं रोमन नाणं दिसलं, की भाऊ आधी त्याची कड बघायचे. कडेला सांध्याची रेघ असली तर ते साच्यात ओतलेलं, म्हणजे नक्कल. खरं नाणं ठशावर हातोडीच्या घावाने पाडलेलं. पण नक्कल घेऊन आलेल्याला ते "खोटं" कधी म्हणाले नाहीत. म्हणायचे, "वयानं जरा लहान हाय."

असे हे भाऊ एका सकाळी माझ्या दारात उभे. हातात रुमालाची पुरचुंडी. "मॅडम, तुमी कॉन्व्हेंटच्या. एवढी अक्षरं वाचा."

त्यांच्या आजोबांना खाडीच्या चिखलात सापडलेली चांदीची चकती. तीन पिढ्या देवीचा टाक म्हणून पुजलेली, हळदीकुंकवाने माखलेली. भाऊंनी ती पहिल्यांदाच नीट धुतली होती. अंबाडा घातलेली एक बाई, आणि भोवती रोमन अक्षरं. कड आणि चेहरा पाहून, हे कुण्या रोमन राणीचं अस्सल नाणं आहे, एवढं त्यांना कळलंच होतं. मी वाचलं, "दिवा."

"दिवा? देव्हाऱ्यातला?" भाऊ हसले. मग चकती रुमालावर ठेवत म्हणाले, "मॅडम, लोकांना त्यांच्या नाण्यांचं खरं सांगत आलो. आता आईला काय सांगू? जल्मभर परक्या राणीला निवद दावला म्हनून?"

मी शब्दकोश काढला. शाळेत सिस्टरनी आमच्याकडून लॅटिन प्रार्थना घोकून घेतल्या होत्या. अर्थ कुणी विचारला होता? दिवा म्हणजे मरणानंतर देवपद मिळालेली स्त्री. राणी गेल्यावर रोमच्या सम्राटाने तिच्या नावाने ही नाणी पाडली होती.

भाऊंनी चकती पुन्हा हातात घेतली. मग म्हणाले, "म्हंजे नवऱ्यानं हिचा टाकच काढला की हो!"

मंडळी, मला पुस्तक लागलं. भाऊंना आपल्या कामातला एक शब्द पुरला. गेलेल्या माणसाचा टाक आपणही देव्हाऱ्यात बसवतोच ना?

त्याच दिवशी त्यांनी आईंना सगळं सांगितलं. मी सोबत होते. आई, आठवतं काय म्हणालात? "लांबून आली म्हनून हाकलू काय तिला? तुजी बायको पन पनवेलचीच हाय." आतून वहिनी म्हणाल्या, "मंग मला पन दावा निवद!" किती हसलो होतो आपण.

काल आईंनी मला जवळ बसवलं. "बाय, माज्या पोराचा टाक दुसरा कोनी बी घडवील. पन त्याच्यावर अक्षरं पायजेत, राणीसारखी. ती तू लिवून दे."

ती अक्षरं या दुसऱ्या कागदावर आहेत. आधी "दिवा", मग भाऊंचं नाव. पुरुषासाठी लॅटिनमध्ये वेगळं रूप आहे, मला ठाऊक आहे. तरी मी दिवाच लिहिलं. हा मराठीतला.

आई, तुम्ही बसूनच राहा. बाकी आपण सगळे दोन मिनिटं उभे राहूया.

भाऊ, नमस्कार.