सावंतबाईंचा उपडा तळहात

जमलेल्या सुहृदांनो, बाईंच्या विद्यार्थ्यांनो, आणि नितीन, घरच्या मंडळींनो,

परळच्या शाळेत सावंतबाईंच्या शेजारच्या वर्गावर मी मराठी शिकवत होतो. बोलणे हाच माझा व्यवसाय. आज तो जमत नाही. म्हणून जे नीट ठाऊक आहे, तेवढेच क्रमाने सांगतो.

बाईंच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी मराठी नव्हती. एखादा मुलगा फळ्यापुढे उभा राहून बोलता बोलता अडला, की बाकीचे ओरडत, "बाई, मी सांगू? ह्याला येत नाय." तेव्हा बाई काय करत? टेबल सोडून शेवटच्या बाकावर जाऊन बसत. फळ्यापुढची सगळी जागा त्या मुलाची. मग तळहात उपडा करून संथपणे खाली आणत. इतरांनी थांबायचे. "त्याला येतंय. वेळ लागतोय," एवढेच म्हणत. यामागचा विचार पाहा. शिक्षक जवळ असला, की मूल शिक्षकाच्या तोंडाकडे पाहते. शिक्षक दूर गेला, की ते शब्द शोधू लागते. ही रीत मी त्यांच्याकडूनच उचलली.

गेल्या महिन्यात पक्षाघाताने बाईंची वाचा गेली, उजवा हात गेला. रुग्णालयात आम्ही सारे खाटेला खेटून उभे. पाणी हवे? उशी उंच करू? प्रत्येक वेळी डावा तळहात उपडा होऊन खाली येई. नितीनला वाटे, आई सगळ्यालाच नको म्हणते आहे. औषधाला. जगण्यालाही.

मी त्याला बाजूला घेऊन सांगितले, बाई थांबा म्हणताहेत. आम्ही भिंतीपर्यंत मागे सरलो. बाईंचे ओठ हलले. पुन्हा हलले. आम्ही थांबलो. पुष्कळ थांबलो. शब्द आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई गेल्या.

स्मशानातून परतताना नितीनने विचारले, "सर, तिचे हातवारे तुम्हाला कळायचे. काय म्हणायचं होतं हो तिला?"

आज इथेही काहींनी तेच विचारले. घरी न्या, असे असेल का? नातीचे नाव असेल का?

मित्रहो, मला ठाऊक नाही. आणि मी अंदाज सांगणार नाही. बाईंनी कधी कुणाच्या तोंडी शब्द घातला नाही. त्यांच्या तोंडी मी कसा घालू? नितीन, ते वाक्य अपुरे राहिले. ते तसेच राहील. ते सोसायला तुला आमची सोबत आहे, उत्तर मात्र नाही.

आता आपण उभे राहू या. हे मौन मी घड्याळावर मोजणार नाही. नितीन बसेल, तेव्हा आपण बसू.