बाबांनी उचललेली सुई

लहानपणी आमच्या घरी रॉकची एकच रेकॉर्ड होती, बरं का. गिटारचा धिंगाणा सुरू झाला की बाबा येऊन सुई उचलायचे, त्यामुळे मला गाणं तेवढंच पाठ. नाव काही आठवेना. नोकरीसाठी जयपूरला आल्यावर इथल्या एका जुन्या रेकॉर्डवाल्याला ते गुणगुणून दाखवलं.

“आगे?” त्याने विचारलं.

“आगे पिताजी आ जाते थे.”

त्या भल्या माणसाने जवळच्याच चौमूं गावाहून रेकॉर्ड मिळवून दिली. घरी येऊन पूर्ण ऐकली आणि तडक बाबांना नागपूरला फोन लावला.

“बाबा, एवढ्यासाठी सुई उचलायचात? पुढे तो माणूस चार मिनिटं नुसता बोंबलतो.”

“बोंबलतो ना,” बाबा म्हणाले. “तू शाळेत गेलास की, बँकेत निघण्याआधी मी रोज तेवढंच ऐकायचो.”