साखळी सापडली त्यानंतर

माहा जनम रोहणा गावचा. आजा किरिस्ताव झालता, बाप मिशनच्या दवाखान्यात माळी होता, म्हनून आमी जनमापासून येशूचे. माय बाळंतिनीले अन् लेकराले तेल लावून न्हाऊ घालाले घरोघरी जात होती, तिच्या मांगंमांगं जाऊन मीही शिकली, पाय लांब करून पाटावर बसाचं, लेकरू पायावर पालथं घ्याचं, तेल हातावर चोळून मंगच अंगाले लावाचं. लग्न होऊन पिपरी मेघेले आली. माहे मालक दानियल, घराले रंग द्याचं काम करत. तवा पिपरी मेघेत वर्ध्याचे लोक नवेनवे प्लॉट घेऊन घरं बांधून राह्यले होते, नव्या सुना, नवी लेकरं, काय सांगू तुमाले, सकाळची मले फुरसत राहे नाई.

आमच्या बाजूले किराना दुकानवाल्याचं घर, भिंतीले भिंत. दुकानवाल्याची बाई म्हंजे कुसुमवहिनी. दिवाळीले तिच्याघरून फराळाचं ताट येत होतं, नाताळाले आमच्याघरून जात होतं, करंज्या तिले माह्याच हातच्या पाह्यजे. तिची पोरगी वर्षा, सासर नागपूरचं. पहिल्या बाळंतपनाले माहेरी आली, पोरगा झाला. मी म्हनलं वहिनी, वर्षा माह्यासमोर मोठी झाली, तिचं मीच करन. सव्वा महिना गेली मी, एक दिवस खाडा नाई.

वर्षाच्या सासूनं लेकराले सोन्याची साखळी घातली होती. बारसं सव्वा महिन्यानं ठेवलं होतं, त्याच्या आदल्या दिवशी ती दिसेच ना. समदं घर पालथं घातलं. उद्या सासरचे येनार, साखळी कुठी म्हनून इचारनार, वर्षा तर रडूनरडून बेजार. मंग कोनाच्या तरी तोंडून निघालं, लेकराले हात लावते कोन, तर रूथबाई, म्हंजे मी.

दुपारच्याले चार-पाच बाया घेऊन कुसुमवहिनी माह्या घरात आली. मी म्हनलं पाहा बापा, माह्या घरात काय हाय. पाह्यलं त्याहीनं. तांदळाचा डबा खाली सांडला, पेटी उलटी केली, माह्या बापाचं बायबल कपड्यात बांधून ठेवलं होतं, तेही एकीनं उलटं धरून झटकलं, त्यातली जुनी पानं भुईवर पडली. कुसुमवहिनी दारात उभी होती, तिनं पाह्यलं अन् मान फिरवली. सापडलं काहीच नाई. पन सापडलं नाई म्हंजे म्हने इकून टाकली. मी पानं गोळा करत बसली, मले रडूही नाई आलं.

त्यानंतर कोन आपलं लेकरू माह्या पायावर देनार? कोनी तोंडावर बोले नाई, यंदा आमी नाई लावत, सासूबाई करून राह्यल्या, असंच म्हनत. मी जिनिंगमदी कामाले लागली, कापूस निवडाले. संध्याकाळी घरी येत होती तं नाकातोंडात रुई. दोन वर्सं अशी गेली.

एक दिवस जिनिंगमधून येता येता रस्त्यात रहीमचाचा भेटले, गाद्या पिंजनारे. म्हने बाई, तुमची बला टळली, बरं झालं. मी म्हनलं कोनती बला? ते माह्या तोंडाकडे पाहतच राह्यले. म्हने आठ महिने झाले ना, किरानावाल्याची गादी उसवली तं कापसातून साखळी निघाली, लेकराच्या झोपेत फाटल्या शिवनीतून आत गेली असन, मी बाईच्या हातात देली, तुमाले सांगतलं नाई काय?

काय सांगू तुमाले. आठ महिने! भिंतीपल्याड तिले माहीत होतं अन् भिंतीअल्याड मी रुई झटकून राह्यली होती. मालकाले सांगतलं तं ते तसेच उठले, म्हने चाल चौकात, रहीमचाचा गवाही देतीन, समद्यांसमोर तिचं तोंड काळं करू. मी म्हनलं थांबा. काऊन थांबवलं ते तवा मलेही कळलं नाई. मनात तं माह्याही तेच होतं.

पन देवळात, म्हंजे आमच्या चर्चमदी, माहं अडकू लागलं. रोजच्या प्रार्थनेत दुसऱ्याले माफ कराची ओळ हाय ना, समदे म्हनत तवा माही जीभच उचले नाई. बाकी म्हनाची, तेवढी गाळाची. असे किती रविवार गेले. एक दिवस वाटलं, रूथ, तू हे कोनाले फसवून राह्यली?

नाताळ आला. करंज्या केल्या. ताट झाकलं अन् गेली सरळ कुसुमवहिनीच्या दारात, दोन वर्सांनी. दार तिनंच उघडलं. मी म्हनलं वहिनी, रहीमचाचानं सांगतलं मले. ती तिथंच उंबऱ्यावर बसली. म्हने रूथबाई, साखळी हरपली तवा वर्षाच्या सासूनं, साखळी तूच माहेरच्याइले देली असं म्हनून पोरीले घरात घेतलं नव्हतं, चोरी तुमच्यावर ढकलली तवा कुठी पोरगी नांदाले गेली, आता आमच्याच गादीत निघाली म्हनून कसं सांगू? मी म्हनलं, अन् माहं काय?  ती नुसती पदरानं तोंड झाकून रडे. काय बोलाचं ते मी ठरवून गेली नव्हती. तोंडातून निघून गेलं, मी माफ केलं तुमाले. मी कोनापाशी बोलनार नाई. पन खरं सांगाचं काम तुमचं हाय वहिनी, ते माह्याच्यानं होनार नाई.

घरी आली तं मालक चिडले, म्हने फुकटात माफी वाटून आली. दोन दिवस बोलले नाई. अन् खरं सांगू, मलेही राग येऊन राह्यला होता. माफ केलं म्हनलं तरी दुसऱ्या दिवशी जिनिंगमदी उभी राह्यली की राग तसाच.

पुढच्या वर्सी वर्षा पुन्हा आली, पोरगी झाली. वर्षा सोताच माह्या दारात आली, म्हने मावशी, लेकराले तुमीच न्हाऊ घालसान. आईनं पाठवलं काय, मी इचारलं. म्हने हो. मी गेली. पाटावर बसली, पोरगी पायावर घेतली.

बारशाले वर्षाची सासू आली, बायांनी घर भरलं. मी दारापाशी बसली होती. पाळना झाला, अन् कुसुमवहिनीनं देवघरातून काहाडून ती साखळी विहिनीपुढं ठेवली. उभ्यानंच बोलली. म्हने ही माह्या गादीत सापडली, मले वर्सावर माहीत हाय, मी भेली म्हनून लपवली, रूथबाई निर्दोष हाय, तिच्या घराची झडती मी घेतली, पाप माहं हाय.  त्या दिवसाची मी केवढी वाट पाह्यली होती, अन् आला तं मले तिचीच कीव आली.  मी उठून तिच्याबाजूले उभी राह्यली, तिचा हात धरला. विहीन न जेवता उठली. पुढं वर्षभर वर्षाले सासरी बोलनं ऐका लागलं, हेही सांगतलं पाह्यजे. अन् ज्या बाया माह्या घरात आलत्या, त्यातल्या दोघींनी मले पुन्हा कधी बोलावलं नाई. बाकीच्यांनी बोलावलं.

आता त्याले बरेच वर्सं झाले. वर्षाची पोरगी शाळेत जाते, सासूही निवळली. माहे गुडघे गेले, पाटावर बसनं होत नाई. दुकानवाले वारले, कुसुमवहिनी एकटी हाय. दुपारचा चहा आमी संगंच घेतो. एखाद्या दिवशी मले अजूनही राग येते बरं, लपवत नाई मी. त्या दिवशी देवाले म्हनते, आज पुन्हा माफ कराले लाव मले. मंग तो लावते.

देव तुमचं भलं करो, येवढं बसून ऐकलं. लिहाचं तं लिहा, पन एक करजा, माहं नाव राहू द्या अन् तिचं बदलून टाकजा.