मशीन बिघडलंय

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. आज आधी एक प्रश्न, मग आख्यान. एखादं पाप सगळ्या गावानं मिळून केलं, तर त्यातलं माझ्या वाट्याला किती येतं? चिमूटभर? की ते गावाचं होतं, माझं नव्हेच, असं म्हणून मी मोकळा? मागं बसलेले पाटील मान हलवतायत. हलवू नका इतक्यात. आधी ऐका.

आमच्या उंबरवड्यात निवृत्ती बिडवे म्हणून न्हावी आहे. पन्नाशीचा, कमी बोलणारा. स्टँडसमोर त्याचं सलून. एक खुर्ची, एक आरसा, गिऱ्हाइकांना टेकायला बाकडं. हात असा हलका, की माणूस खुर्चीतच डुलकी काढतो. मी काढलेली आहे. तुम्ही कीर्तनात काढता, तशीच.

गावाबाहेर शेतकीचं कॉलेज आहे. तिथं परदेशातनंही मुलं येतात. आफ्रिकेतल्या मलावी देशाचा एक विद्यार्थी होता, चिसोमो त्याचं नाव. दोन वर्षं बाजारात भाजी घेत घेत मराठी शिकला. आणि गाव त्याला हाक कशी मारायचं? नावानं नाही — रंगावरनं. तो शब्द मी नारदाच्या गादीवरनं उच्चारणार नाही, तुम्हाला माहीत आहे. पोरं मागनं ओरडायची, मोठी माणसं हसायची. तो वळून बघायचा नाही.

एका रविवारी सकाळी हा चिसोमो सलूनच्या दारात आला. चपला बाहेर काढल्या. सलूनमध्ये चपला कोण काढतं हो? त्यानं काढल्या. म्हणाला, "काका, सगळे केस काढायचे आहेत. वस्तऱ्यानं."

खुर्चीत एक गिऱ्हाईक होतं, बाकड्यावर तिघं. त्यात कोंडाजी मास्तर, अर्ध्या गावाला ज्यांनी शिकवलं ते. निवृत्तीच्या हातात मशीन चालू. त्यानं बाकड्याकडं बघितलं. बाकडं काही बोललं नाही. मास्तरांनी पेपर जरा वर धरला. निवृत्तीनं बटण बंद केलं आणि म्हणाला, "मशीन बिघडलंय."

"मशीन नको. वस्तरा."

"त्याला धार नाही."

चिसोमोनं मशीनकडं बघितलं. खुर्चीतल्या माणसाच्या अर्ध्या कापलेल्या केसांकडं बघितलं. "बरं," म्हणाला, चपला घातल्या, गेला. तो रस्ता ओलांडायच्या आत मशीन पुन्हा सुरू झालं.

खुर्चीतलं गिऱ्हाईक कोण, असं मनात आलं असेल. मी. हाच, तुमचा बुवा. सगळ्यांच्या ठायी एकच देव आहे, असं आदल्या दिवशी शेजारच्या गावात दोन तास सांगून आलो होतो. एकच वाक्य बोलायचं होतं — निवृत्ती, याचं आधी कर. तोंडात काही बोळा नव्हता. बोललो नाही.

पण गोष्ट निवृत्तीची आहे. चार दिवस तो मनाला सांगत होता, त्याचं डोकं केलं असतं तर माझं काय जात होतं? मला का त्याचा रंग लागणार होता? पण गिऱ्हाईक म्हणालं असतं, त्याच्या डोक्याचा वस्तरा आमच्या गालाला लावतोस? गावच तसं आहे, मी एकटा काय करू? असं म्हटलं की जरा हलकं वाटायचं. वाटणारच. सगळं ओझं गावाच्या डोक्यावर, आपण रिकामे.

पाचव्या दिवशी कॉलेजच्या खानावळीत पोळ्या करणाऱ्या शेवंताबाई सलूनवरनं चालल्या होत्या. दारात थांबल्या. "निवृत्तीदादा, तुमचं मशीन झालं का दुरुस्त?"

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"आमच्या चिसोमोनं. बाप गेला हो त्याचा, तिकडं. इथनं पोचेपर्यंत माती होऊन गेली असती, म्हणून जाता आलं नाही. त्यांच्या घरी रीत आहे, बाप गेला की लेकानं डोकं करायचं. मोरीतल्या आरशासमोर दाढीच्या पात्यानं स्वतःच केलं. टाळू कापली की. मी हळद लावली. म्हटलं, न्हाव्याकडं का नाही गेलास? तर म्हणाला, त्यांचं मशीन बिघडलंय."

त्या साध्या मनानं बोलून गेल्या. निवृत्तीला मात्र कळलं. त्या पोरानं त्याचं खोटं झाकलं होतं.

आणि त्याला स्वतःचा बाप आठवला. सुतकातल्या घरांनी दहाव्याला नदीवर बोलवायचं. बापानं त्यांची डोकी करायची, रडणाऱ्या माणसाच्या मानेला हात देऊन. आणि त्याच घरी सणाला गेला, तर ओसरीवर चढायचं नाही, भाकरी खाली अंगणात. लहानपणी निवृत्तीनं ते बघितलं होतं. दातओठ खाल्ले होते. पण आणखी एक बघितलं होतं, ते विसरला होता. गावकुसाबाहेरच्या वस्तीतला माणूस दाढीला आला, की हाच बाप खाली बघून म्हणायचा, "वस्तऱ्याला धार नाही." शब्द तेच, मंडळी. वस्तऱ्याबरोबर तेही लेकाकडं आले.

दुसऱ्या दिवशी निवृत्तीनं बाकड्याला विचारलं, "मास्तर, त्या दिवशी मी त्याचं डोकं केलं असतं, तर तुम्ही उठून गेला असता?"

मास्तर म्हणाले, "मी? मी कशाला जाईन? आम्ही कुठं अडवलं तुला? नाही तूच म्हणालास."

दुसऱ्यानंही तेच सांगितलं. मग मला विचारलं. मी म्हणालो, "छे, माझी काहीच हरकत नव्हती." सगळं गाव निर्दोष! मग निवृत्ती हळू आवाजात म्हणाला, "कुणाचीच हरकत नव्हती, तर मी भ्यालो कुणाला?" मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला.

निवृत्तीनं वस्तरा-कात्रीची धोकटी उचलली आणि भर दुपारी कॉलेजच्या हॉस्टेलवर गेला. चिसोमो पायरीवर वही घेऊन बसला होता. डोक्यावर हळदीचे डाग, आणि मागं, हात पोचला नव्हता तिथं, केसांचे पुंजके तसेच.

"पोरा, मशीन बिघडलं नव्हतं."

"माहीत आहे. चालू होतं."

"बाप गेल्याचं मला माहीत नव्हतं."

चिसोमोनं वही मिटली. "काका, बाप जिवंत असता तर? नुसते केस कापायला आलो असतो तर?"

निवृत्तीनं धोकटी पायरीवर ठेवली. याचं उत्तर येतं का तुमच्यापैकी कुणाला? थांबतो मी.

मग चिसोमो म्हणाला, "आईनं फोनवर विचारलं, डोकं कुणी केलं. मी सांगितलं, इथल्या न्हाव्यानं केलं, चांगला माणूस आहे. इथं मी एकटा आहे असं तिला वाटायला नको."

निवृत्तीचा हात धोकटीच्या बंदावर गेला. "मागचं राहिलंय. तेवढं तरी करू दे."

"नको. आता राहू दे."

"मग कधीही ये दुकानात."

"मी आलो होतो," चिसोमो म्हणाला. रागानं नाही, जसं झालं तसं.

न उघडलेली धोकटी घेऊन निवृत्ती परत आला. चिसोमो पुन्हा कधी त्या दारात आला नाही. शिक्षण पुरं करून मायदेशी गेला. निवृत्ती मात्र खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला हे सांगायला लागला, सगळं, स्वतःच्या नावानिशी. पुढच्या वर्षी त्याच देशाची दोन मुलं सलूनमध्ये आली. त्यानं खुर्चीत बसवली. बाकड्यावरचे दोघं उठून गेले, ते अजून आलेले नाहीत. मास्तर बसून राहिले, पेपर खाली ठेवून. मीही बसलो. बसून राहणं म्हणजे काही पराक्रम नव्हे, मंडळी. पण आम्हाला तेवढंही एक वर्ष उशिरा जमलं.

तर माझ्या वाट्याला किती? गावानं निवृत्तीला भ्यायला शिकवलं, हे खरं. ते गावाचं पाप, ते गावानंच फेडायचं. पण "बिघडलंय" म्हणणारं तोंड निवृत्तीचं, आणि गप्प बसलेलं तोंड माझं. हे पाप वाटून घेतलं तरी कमी होत नाही हो. शंभर जणांत वाटलं, तर शंभर जणांना पुरं पुरं मिळतं.

आता तुमच्याकडं येतो. या मंडपात खोल्या भाड्यानं देणारे आहेत, सोयरीक जमवणारे आहेत, नोकरीवर माणूस ठेवणारे आहेत. "माझी काही हरकत नाही हो, पण लोक..." असं ज्यानं कधी म्हटलं नसेल, त्यानं खुशाल टाळ वाजवावा. बाकीच्यांनी माझ्याबरोबर नुसतं देवाचं नाव घ्यावं. मान खाली घालून, सावकाश.