वर नेलेला भारा

—नाही, नाही, बसा हो भैजी, माझा मुलगा दरबान गाडी घेऊन बाजारात गेलाय, येईलच. मुलगी द्यायची तर घर नीट बघून घ्या की. गुळाचा खडा घ्या, चहा निवतोय. आणि ते पान कशाला चुरगाळताय? बांज आहे तो, म्हशीचा पाला — हा खालच्या रस्त्याकडचा, म्हणून पान असं तळव्याएवढं, मऊ. तुम्ही अलकनंदेकाठचे, तुम्हाला बांज म्हणजे बांज. पण वर चढत जाल तसतसं पान बारकं होत जातं — जाड, कडेला काटा, चामड्यासारखं. झाड तेच हो, जात तीच. थंडी नि वारा, दुसरं काय?

सतेश्वरी ना? माझी सून. पाला काढताना वर डोंगराच्या धारेवरच्या झाडावरून कड्याखाली गेली, नदीला पूर होता — अख्खा गाव सांगेल तुम्हाला. देह मिळाला नाही. भारा तेवढा मिळाला, वर कड्याच्या टोकाशी, नीट बांधलेला, विळा खोचलेला. बाप्यांनी घरी आणून टाकला, मी सोडला — तर सगळी ही अशी मोठी पानं, खालची. वरचं एक नाही. आता तुम्हीच सांगा, भरला भारा खालून वर नेणारी बाई कधी पाहिलीत? आम्ही जन्मभर वरूनच खाली आणतो. म्हणजे ती झाडावर चढलीच नव्हती — आणि धारेपलीकडे मोटारीचा रस्ता आहे.

मी काय करणार? म्हशीपुढे टाकला सगळा, सकाळपर्यंत साफ. तेरावं केलं, पुऱ्या मीच तळल्या, जित्या पोरीच्या तेराव्याच्या — रडू? नाही आलं. हसूही नाही. आताशा काही येतच नाही, पाला आणायचा, शेण काढायचं, संपलं.

असं काय बघताय? हे मी बोलणार नव्हते खरं — तुम्ही पान हातात घेतलंत म्हणून. का गेली म्हणजे? हात जड आहे त्याचा. बापावर गेलाय. माझ्या या कानानं ऐकू येत नाही, म्हणून तर तुम्हाला मघापासून सगळं दोनदा सांगावं लागतंय — तो बापाचा प्रसाद. तुमची पोर काटक आहे म्हणालात? भरला भारा घेऊन चढण चढेल? नाही — चढेलही, पण कशाला?

थांबा. गाडीच ना ती? या दुसऱ्या कानाला त्याची गाडी बरोबर कळते. कप ठेवा तिथंच. टोपी घ्या. उठा, म्हणते ना — आणि तोंडातून अवाक्षर काढू नका, मी बोलते.

—ये रे दरबान. पाहुणे निघालेत. पत्रिका जुळत नाही म्हणतात.