सासूबाईंची कानडी

बसा मंडळी, जरा पुढं सरकून बसा. टाळकरी, दम घ्या. आज देवाच्या पायाशी एकच प्रश्न ठेवतो. एका छपराखाली पस्तीस वर्षं राहिलं, एका चुलीवरचं जेवलं, म्हणजे माणसाला माणूस कळलं का? उत्तराची घाई करू नका. आधी ऐका!

फलटणला एक रत्नप्रभाबाई कोरे. शिलाईचा क्लास चालवायच्या. हात चपळ, जीभ त्याहून चपळ! घरात नवरा चंद्रशेखर आणि सासूबाई लक्ष्मीबाई. या सासूबाई मूळच्या विजापूरकडच्या, कानडी मुलखातल्या. सोळाव्या वर्षी लग्न होऊन इथं आल्या, तेव्हा मराठीचा गंध नव्हता. नणंदा हसायच्या, दीर नकला करायचे. पोरीनं काय करावं? वर्षभरात मराठी शिकली आणि कानडीला जे कुलूप घातलं, ते साठ वर्षं काढलंच नाही. पोटच्या पोराच्या कानावरही एक शब्द पडू दिला नाही.

आणि एका सकाळी सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला. पण तोंडातून जे निघायचं, ते कुणालाच कळेना. डॉक्टर म्हणाले, "मेंदूला मार बसलाय. काहीबाही बडबडतील, लक्ष देऊ नका."

बडबड तरी काय? सून पेज भरवायला बसली की सासूबाई म्हणायच्या, "साकु, साकु." सून म्हणे, "आईंना साखर हवीय वाटतं." घातली साखर. पुन्हा "साकु" — घाल अजून एक चमचा! पेजेची पार बासुंदी झाली. मग सासूबाई तोंड फिरवून म्हणायच्या, "बेड, बेड." लेक म्हणे, "बघ, बेडवर पडायचं म्हणतेय." लगेच दोघं दोन बाजूंनी धरून आडवं करायचे. — हसता काय मंडळी? सेवाच करत होते बिचारे! इतक्या निगुतीनं तुमचं कोण करणार आहे?

दीड महिन्यात सासूबाईंनी तोंड उघडणंच सोडलं. चमचा आला की दात घट्ट. डॉक्टर म्हणाले, "आता नाकातून नळी घालावी लागेल." नवरा नळीची चौकशी करू लागला. रत्नप्रभाबाईंना मात्र राग आला. खरं तेच सांगतो — कीव नाही, राग! मी एवढं करतेय आणि ही बाई हट्टाला पेटलीय.

दुसऱ्या दिवशी, मऊ काही खातील म्हणून, त्या एसटी स्टँडासमोर शीनप्पा शेट्टींच्या हॉटेलात इडली घ्यायला गेल्या. आचारी डब्यात सांबार ओतत होता. शेट्टी गल्ल्यावरून त्याला म्हणाले, "साकु, साकु." आणि आचाऱ्यानं हात आवरला.

मंडळी, हात आवरला!

"शेट्टीअण्णा, साकु म्हणजे काय?"

"पुरे, वहिनी. आमच्या कन्नडमध्ये पुरे."

"आणि बेड?"

"बेड म्हणजे नको."

रत्नप्रभाबाई तिथल्याच बाकड्यावर बसल्या. दीड महिना ती बाई पुरे म्हणत होती आणि आपण वाढत होतो. नको म्हणत होती आणि आपण आडवं पाडत होतो. इडली गार झाली, तरी त्या उठल्या नाहीत. उठल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "अण्णा, मला शिकवाल?"

शेट्टी ओशाळले. "वहिनी, आमच्या घरात तुळू बोलतात, ती भाषाच वेगळी. कन्नड मी शाळेत शिकलो, तेही मार खात खात."

"चालेल. मीही खाईन."

रोज दुपारी तीन ते चार, हॉटेल रिकामं असायचं तेव्हा, शिकवणी. वय छप्पन्न! मापं लिहायच्या वहीत मागच्या बाजूनं कानडी शब्द. आता गुरू हॉटेलवाला, म्हणजे विद्याही हॉटेलातली! आठवड्यानं बाई पलंगाशी बसल्या, घसा खाकरला आणि म्हणाल्या, "ऊटा आयता?" जेवण झालं का? सासूबाईंनी खाडकन डोळे उघडले. बाई गडबडल्या, पुढचं आठवेना, आणि तोंडून निघालं, "पार्सल बेका?"

पार्सल हवंय का!

सासूबाईंचं अर्धं तोंड हलतच नव्हतं. पण जेवढं हलत होतं, तेवढं सगळं हसलं. मग हळूच म्हणाल्या, "नीरु." पाणी. सुनेनं पाजलं. "साकु" म्हणताच भांडं खाली ठेवलं. त्या दिवशी त्या चार घास जेवल्या. नळीचं नाव पुन्हा निघालं नाही.

शेट्टींची कन्नड समुद्राकडची, सासूबाईंची विजापूरची. सून बोलली की सासू चुका काढायची. काढणारच! एका दुपारी धडा आला नाव विचारायचा. "निम्म हेसरु एनु?" तुमचं नाव काय? उत्तर ठाऊकच होतं, नुसता सराव. सासूबाईंनी मान वळवून सुनेकडं बघितलं. म्हणाल्या, "नीलव्वा."

"लक्ष्मीबाई ना, आई?"

त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. लग्नात नाव बदललं होतं, मंडळी. साठ वर्षांत आधीचं कुणी विचारलं नव्हतं. लेकालाही माहीत नव्हतं. रत्नप्रभाबाईंनी वही बाजूला ठेवली, तो लुळा हात मांडीवर घेतला आणि हाक मारली, "नीलव्वा."

"एनव्वा?" म्हातारीनं विचारलं. काय गं बाई?

पुढं तीन वर्षं त्या जगल्या. दोघी दुपारभर बोलायच्या. चंद्रशेखर दारात उभा राहून ऐकायचा. शेवटी तोही शेट्टींच्या बाकड्यावर शिकायला जाऊन बसला.

आता तुमच्याकडं वळतो. तुमच्या सोसायटीचा वॉचमन कुठला? दारात येणारी भाजीवाली घरी काय बोलते? कधी विचारलंत? उद्या सकाळी एकाला विचारा — बाबा, तुमच्याकडं आईला हाक कशी मारतात? तो सांगेल तशी एकदा मारून बघा. उच्चार चुकेल. तो हसेल. हसू द्या! त्या हसण्यात जो बसलाय, त्याच्याच नावानं आता टाळी वाजवा.