सात नंबर जेटवरून नाकारलेल्या चौदा सूचना

माझे नाव हर्षदा योगराज बोरसे, वय २३ वर्षे, शिक्षण बीसीए, धंदा नोकरी, राहणार गोडादरा, सुरत, मूळ गाव शिंदखेडा तालुक्यात. माझे शालेय शिक्षण महानगरपालिकेच्या मराठी शाळेत झाले. गुजराती वाचता येते, पण मुद्दा चुकू नये म्हणून मराठीत लिहून देण्याची परवानगी मी मागितली व साहेबांनी ती दिली. आज शनिवार, दि. २२ नोव्हेंबर २०२५ रोजी मी पोलीस ठाण्यात आपण होऊन आले असून समक्ष सांगते की,

मी उधना येथील चार जणांच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. पलसाण्याजवळच्या एका डाईंग मिलसाठी आम्ही मोबाईल ॲप तयार केले. मशीनवर वाफेची गळती दिसली की कामगाराने ॲपमधले ‘धोका’ हे लाल बटन दाबायचे. सूचना आमच्या सर्व्हरकडे येते आणि सर्व्हर बॉयलरखोलीतला भोंगा वाजवतो, म्हणजे तिथला माणूस वाफ बंद करतो. पूर्वी तिथे दोरीने ओढायची घंटा होती. ॲप सुरू झाल्यावर ती काढण्यात आली.

मंगळवारी, दि. १८ रोजी सकाळी ११.०८ वाजता कापड रंगवण्याच्या सात नंबरच्या जेट मशीनजवळ वाफेची नळी फुटली. शेजारच्या मशीनवरचे निंबा वाघ, वय ४४, कमरेखाली भाजले. भोंगा वाजला नव्हता. सात नंबरचे ऑपरेटर सुकलाल निकुम, वय ५२, यांनी सूचनाच दिली नाही, अशी मिलची तक्रार आहे.

बुधवारी आमचे मालक सौरभभाई यांच्या सांगण्यावरून सर्व्हरमधील सूचनांच्या नोंदीचा कागद मीच काढून ठाण्यात दिला. त्यात सुकलालकाकांची एकही सूचना नाही. ते माझे नातेवाईक नाहीत, वयामुळे मी काका म्हणते. ते तेव्हा बाहेरच्या बाकावर बसले होते. माझ्या हातातला कागद पाहून म्हणाले, “पोरी, मी बटन दाबं. गोल फिरे, मंग लिखेल ये, पुन्हा प्रयत्न करा. मी परत दाबं.” मी आत जाऊन कागद दिला.

‘पुन्हा प्रयत्न करा’ हे शब्द ॲपमध्ये मीच घातलेले आहेत. सर्व्हरने सूचना घेतली नाही तरच ते दिसतात. बटन न दाबलेल्या माणसाला ते माहीत असण्याचे कारण नाही.

गुरुवारी मी एकेक शक्यता तपासली. मिलचे नेटवर्क बंद होते का, हे पाहिले. त्याच वेळी त्याच खात्यातून तिघांच्या, याच ॲपवर होणाऱ्या, हजेरीच्या नोंदी व्यवस्थित आल्या होत्या. सर्व्हर बंद नव्हता. ॲप जुने नव्हते. राहिला फक्त फोन. संध्याकाळी सहाच्या सुमारास मी सुकलालकाकांच्या घरी गेले. त्यांचा फोन हातात घेतला तेव्हा त्यावर ६.१७ वाजले होते, माझ्या फोनवर ६.०२. मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “मना मोबाईल पंधरा मिनिट पुढेच ऱ्हास. मिलना दरवाजा सातले बंद व्हस. वीस वरीसमा एक दिन बी मी भायेर ऱ्हायनू नही.” त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई चहा देत म्हणाल्या, “आमना घरमा सूर्य बी पंधरा मिनिट पयले उगस.” काका हसले. मला चहा पिता आला नाही.

कारण असे की, ‘धोका’ची सूचना पाठवताना फोन आपली वेळही पाठवतो. फोनची आणि सर्व्हरची वेळ पाच मिनिटांहून जास्त वेगळी असेल तर सर्व्हर ती सूचना नाकारतो. कोणी जुनी सूचना परत पाठवून मिल फुकट थांबवू नये, म्हणून ही तपासणी ठेवली. ती मी लिहिली. हजेरीला ती लावलेली नाही. चाचणीसाठी मी माझा आणि सुपरवायझरचा फोन वापरला, कामगाराचा एकही नाही.

नाकारलेली सूचना नोंदीत जात नाही. पण सर्व्हर दारावर आलेल्या प्रत्येकाची वेगळी नोंद ठेवतो, आत घेतले नाही त्याचीही. हे मी कॉलेजात परीक्षेसाठी पाठ केले होते. शुक्रवारी ती नोंद उघडली. सुकलालकाकांच्या चौदा ओळी आहेत. सर्व्हरच्या वेळेप्रमाणे पहिली १०.५१ ची, शेवटची ११.०७ ची. प्रत्येकीपुढे ‘वेळ जुळत नाही’ असा शेरा आहे. एवढा वेळ एका माणसाने फुटायला आलेल्या नळीशेजारी उभे राहून मी लिहिलेले ‘पुन्हा प्रयत्न करा’ हे शब्द पाळले होते. मी त्या ओळी उभी राहून वाचल्या. उभी का राहिले ते सांगता येत नाही.

चौथ्या आणि पाचव्या ओळीत चार मिनिटांचे अंतर आहे. त्याबद्दल मी मिलमधल्या छाया ठाकरे यांना फोन केला. त्या म्हणाल्या, “आम्ही सहा जणी तिथेच कापडाची घडी घालत होतो. सुकलालभाऊंनी हाताला धरून बाहेर काढलं. मशीनच्या आवाजात ऐकू काही येत नव्हतं. मग ते परत आत गेले.” पाचवी ओळ ते परत आत गेल्यानंतरची आहे.

मी सौरभभाईंना कागद दाखवला. ते वाईट माणूस नाहीत, मला पहिली नोकरी त्यांनीच दिली. ते म्हणाले, “हर्षदाबेन, जे मांग्युं ते आप्युं. बीजो कागळ कोणे मांग्यो छे?” मागितले ते दिले आणि दुसरा कागद कोणी मागितला नाही, हे खरे आहे. मी तो आज सोबत आणला आहे. पाने दोन. सर्व्हरवरील मूळ नोंद पुसू नये असे पत्र आपण कंपनीस द्यावे, ही विनंती.

निंबाभाऊंना मी अजून भेटलेले नाही.

वरील मजकूर मीच लिहिला असून साहेबांनी तो दुभाष्यामार्फत गुजरातीत लिहून मला वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. ‘ती मी लिहिली’ हे वेळेच्या तपासणीबद्दलचे वाक्य ठेवायचे का, असे त्यांनी दोनदा विचारले. ठेवावे. माझ्या नावापुढे ‘साक्षीदार’ असे लिहिलेले आहे. तपासात तिथे दुसरे काही लिहावे लागले, तर माझी हरकत नाही.